पहिल्या रांगेत कोण बसते? : अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्यांवर आलेल्या पत्रांमध्ये खेळाच्या डावपेचांपेक्षा प्रेक्षकांविषयीचे प्रश्न अधिक होते. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : ड्यूक विद्यापीठाचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम टीव्हीवर एखाद्या शाळेच्या सभागृहाएवढे दिसते. तरीही तिथला गोंगाट एनबीए या व्यावसायिक लीगच्या वीस हजार आसनांच्या स्टेडियमपेक्षा जास्त वाटतो. ही मायक्रोफोनची करामत आहे, की प्रत्यक्षातही तसेच असते?

प्रत्यक्षातही तसेच असते. मायक्रोफोन कुठे ठेवला आहे यावर टीव्हीवरचा आवाज काही अंशी अवलंबून असतो हे खरे, पण मूळ कारण इमारतीत आणि आसनव्यवस्थेत आहे. उत्तर कॅरोलायना राज्यातील डरहॅम येथील हे स्टेडियम जानेवारी १९४० मध्ये खुले झाले. त्याची क्षमता ९,३१४ आहे, म्हणजे केंटकी विद्यापीठाचा संघ जिथे खेळतो त्या रप अरीनाच्या निम्म्याहूनही कमी. गर्दी दुप्पट झाली की आवाज दुप्पट होतो असे आपण गृहीत धरतो, आणि घोटाळा तिथेच होतो. ओरडणारी माणसे दुप्पट केली तर ध्वनीची पातळी जेमतेम तीन डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहा डेसिबलांची वाढ लागते, आणि त्यासाठी माणसे दहापट हवीत. त्यामुळे नऊ हजारांचे स्टेडियम वीस हजारांच्या स्टेडियमपुढे गर्दीच्या हिशेबात फक्त साडेतीन डेसिबलांनी मागे पडते. एवढी तूट भरून काढणे मुळीच कठीण नसते. छत बुटके असेल, भिंती कठीण असतील, बसायला गादीच्या खुर्च्यांऐवजी लाकडी बाके असतील आणि ओरडणारी मंडळी खेळाडूंपासून हाताच्या अंतरावर असतील, तर ती तूट भरून निघून वर काही शिल्लक उरते.

यातला शेवटचा घटक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅमेरॉनमध्ये देणगीदार आणि हंगामभराची तिकिटे घेणारे प्रेक्षक वरच्या मजल्यावर बसतात, आणि कोर्टला लागून असलेल्या खालच्या बाकांवर विद्यार्थी असतात. ‘असतात’ असे म्हणायचे, कारण सामना संपेपर्यंत त्यांच्यापैकी कोणीही बसत नाही. चेंडू बाजूच्या रेषेवरून आत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीमागे वीतभर अंतरावर निळ्या रंगाने माखलेले चेहरे आणि थरथरणारे हात असतात. एनबीएमध्ये हीच जागा सर्वांत महाग असते आणि तिथे बसणारा माणूस सहसा उभा राहत नाही.

इतर गाजलेल्या क्रीडागृहांची रचना पाहिली तर प्रत्येक ठिकाणी काहीतरी वेगळे सापडते. न्यू मेक्सिको विद्यापीठाचे आल्बुकर्की येथील ‘द पिट’ १९६६ मध्ये जमीन खोदून बांधले गेले. त्याचे कोर्ट रस्त्याच्या पातळीपासून ३७ फूट खाली आहे, त्यामुळे खेळाडू खड्ड्याच्या तळाशी आणि आवाज चारही बाजूंनी वरून येणारा, अशी स्थिती असते. नॅशव्हिलमधील वँडरबिल्ट विद्यापीठाच्या मेमोरियल जिम्नॅशियममध्ये दोन्ही संघांची बाके नेहमीप्रमाणे लांबीच्या बाजूला नसून कोर्टच्या दोन टोकांना, बास्केटच्या मागे आहेत. दुसऱ्या टोकाला खेळणाऱ्या आपल्या खेळाडूंपर्यंत प्रशिक्षकाचा आवाज पोहोचणे तिथे एरवीही अवघड असते, मग गर्दीत तर विचारायलाच नको. वॉशिंग्टन राज्यातील गोंझागा विद्यापीठाच्या क्रीडागृहात अवघी ६,००० आसने आहेत, तरी तिथे जिंकून परतणे ही पाहुण्यांसाठी हंगामातली मोठी कमाई मानली जाते. आकार हा येथे गौण मुद्दा आहे, हे या उदाहरणांवरून लक्षात यावे.

प्रश्न : कॅन्सस विद्यापीठाने आवाजाचा जागतिक विक्रम केल्याचे वाचले होते. असे विक्रम विश्वासार्ह असतात का?

२०१७ च्या सुरुवातीला ही चढाओढ झाली. २८ जानेवारीला लेक्सिंग्टनच्या रप अरीनामध्ये केंटकीच्या प्रेक्षकांनी १२६.४ डेसिबलची नोंद केली. गंमत म्हणजे त्या दिवशी समोर कॅन्ससचाच संघ होता आणि सामना कॅन्ससने जिंकला. पुढे १३ फेब्रुवारीला लॉरेन्स येथील आपल्या अॅलन फील्डहाउसमध्ये कॅन्ससच्या प्रेक्षकांनी १३०.४ डेसिबल गाठून तो विक्रमही काढून घेतला. त्याच रात्री शेवटच्या तीन मिनिटांत चौदा गुणांनी मागे असलेला कॅन्ससचा संघ वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध बरोबरी साधून जादा वेळेत जिंकला, त्यामुळे विक्रमापेक्षा तो सामनाच लोकांच्या अधिक लक्षात राहिला.

नोंद खरी असते, पण ती एका यंत्राने एका जागी टिपलेल्या क्षणिक शिखराची असते. यंत्र विद्यार्थ्यांच्या घोळक्याजवळ ठेवले आणि वरच्या शेवटच्या रांगेत ठेवले, तर दोन निराळे आकडे मिळतील. म्हणून दोन क्रीडागृहांची तुलना करायला हे आकडे फारसे उपयोगाचे नाहीत. तब्येतीच्या दृष्टीने मात्र ते गांभीर्याने घ्यावेत. व्यावसायिक आरोग्याची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांहून अधिक थांबू नये असे सांगतात, आणि हे सामने दोन तास चालतात. कानात घालायचे बोळे खिशात असलेले बरे.

अॅलन फील्डहाउसचे वैशिष्ट्य निव्वळ आवाजाच्या पातळीत आहे, असे मला वाटत नाही. १९५५ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूत पंधरा हजारांहून अधिक माणसे मावतात, आणि कोर्टला जेम्स नेस्मिथ यांचे नाव आहे. बास्केटबॉलचा शोध लावणारे हे गृहस्थ कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक होते. विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले तिथले एकमेव प्रशिक्षकही तेच, हे तिथले लोक कौतुकाने सांगतात. पाहुण्या संघाची ओळख करून दिली जात असताना विद्यार्थी वर्तमानपत्रे चेहऱ्यासमोर उघडून ‘आम्हाला तुमच्यात रस नाही’ असे दाखवतात. विजय निश्चित झाला की ‘रॉक चॉक, जेहॉक’ हा जयघोष अतिशय संथ लयीत, जवळजवळ प्रार्थनेसारखा सुरू होतो. मोठ्याने ओरडणे कुणालाही जमते. पंधरा हजार लोकांनी आवाज खाली आणून एका लयीत गाणे आणि समोरच्याला त्यातून ‘आता घरी जा’ असे सांगणे, याला पिढ्यांची सवय लागते.

प्रश्न : एवढा आरडाओरडा करून यजमान संघाला खरोखर फायदा होतो का? फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलची (नियमभंगाची) भरपाई म्हणून मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या वेळी बास्केटमागे चाललेले चाळे पाहून हसू येते, पण चेंडू तर बहुतेक वेळा आत जातोच.

फायदा होतो, पण आपण जिथे पाहतो तिथे तो बहुधा होत नाही.

मोठ्या लीगमधील संघांच्या आपसांतल्या सामन्यांत यजमान साधारण साठ टक्के वेळा जिंकतात. हंगामाच्या सुरुवातीचे सामने मी मुद्दाम वगळले आहेत, कारण तेव्हा बलाढ्य विद्यापीठे लहान विद्यापीठांच्या संघांना पैसे देऊन आपल्याकडे खेळायला बोलावतात आणि त्या विजयांचे श्रेय प्रेक्षकांना देणे हास्यास्पद ठरेल. साठ टक्क्यांमागे प्रवासाचा शीण, परके कोर्ट आणि अनोळखी पार्श्वभूमी ही कारणेही आहेत.

फ्री थ्रो हा या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. अंतर ठरलेले, पंधरा फूट. अडवायला कोणी नाही. खेळाडूच्या हाती दहा सेकंद. गर्दीने नेमबाजी बिघडत असेल तर ते येथे उघड दिसायला हवे. कॉलेजच्या पुरुष खेळाडूंची सरासरी गेली कित्येक दशके सत्तर टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आहे. एनबीएच्या आकडेवारीत यजमान आणि पाहुणे यांच्या टक्केवारीत जवळजवळ फरक आढळत नाही. हजारो हात एकाच वेळी वेडेवाकडे हलत असतील, तर नेमबाजाच्या डोळ्यांना तो एक अखंड धुरकट पडदा होतो आणि तो त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

हे ओळखूनच की काय, अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१३ पासून वेगळा मार्ग धरला. बास्केटच्या मागे त्यांनी चक्क एक पडदा उभा केला. खेळाडू चेंडू सोडणार तोच पडदा सरकतो आणि आतून काहीही निघते: घोड्याचे मुखवटे घातलेले तरुण, कुस्ती खेळणारे जाडे गृहस्थ, काहीही. जानेवारी २०१६ मध्ये ऑरेगन स्टेटविरुद्धच्या सामन्यात पडद्यामागून जलतरणपटू मायकेल फेल्प्स पोहण्याच्या तोकड्या चड्डीवर, गळ्यात पदके घालून अवतरले, आणि समोरच्या बिचाऱ्या खेळाडूचे दोन्ही नेम चुकले. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण पुढे काय निघेल याची उत्सुकता ही नुसत्या गोंधळापेक्षा अधिक त्रासदायक असावी, हा त्या विद्यार्थ्यांचा तर्क मला पटतो.

गर्दीचा खरा परिणाम पंचांवर होतो, असे मानायला अधिक जागा आहे. दोन अमेरिकी संशोधकांनी २००४-०५ च्या हंगामातील ३६५ कॉलेज सामने तपासून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या संघाचे फाउल अधिक झाले आहेत त्याच्याविरुद्ध पुढचा फाउल दिला जाण्याची शक्यता कमी होते, आणि पाहुण्या संघाविरुद्ध फाउल अधिक दिले जातात, असे त्यांना आढळले. यात कोणाचा अप्रामाणिकपणा नाही. धक्का लागला की नाही हे क्षणार्धात ठरवायचे असते, दृश्य पुरेसे नसते, आणि नऊ हजार लोकांची एकमुखी आरोळी ही नकळत पुराव्यासारखी काम करते. त्यामुळे पाहुण्या खेळाडूला चिडवण्यापेक्षा पंचांच्या प्रत्येक निर्णयावर उसळून प्रतिक्रिया देणारी गर्दी आपल्या संघाच्या अधिक उपयोगी पडत असावी. पाहायला ती कमी गमतीची असते, हे मान्य.

प्रश्न : बँड, ढोल, भोंगे या सगळ्यांना परवानगी असते का? आवाज मधूनच ठरल्यासारखा वाढतो आणि बंद पडतो, तो का?

खेळ चालू असताना बँड वाजवण्यास आणि भोंग्यांसारखी कृत्रिम आवाजाची साधने वापरण्यास कॉलेजच्या नियमांत मनाई आहे. तेव्हा जे ऐकू येते ते घसा, हात आणि पाय यांचे. पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांचे दोन भाग असतात, आणि प्रत्येक भागात सोळा, बारा, आठ व चार मिनिटे उरली असताना खेळ प्रथम थांबला की टीव्हीच्या जाहिरातींसाठी विश्रांती घेतली जाते. या वेळी बँड सुरू होतो. उत्तम खेळाने तापलेली गर्दी या विश्रांतीत थंड पडते, आणि पाहुण्या प्रशिक्षकाला स्वतःचा टाइमआउट खर्च न करता श्वास घ्यायला वेळ मिळतो; हा या व्यवस्थेचा न बोलला जाणारा भाग आहे.

प्रश्न : प्रतिस्पर्ध्याला चिडवण्याची ही रीत शिष्टाचाराला धरून आहे का? विद्यापीठे हे कसे चालू देतात?

चिडवणे आणि अपमान करणे यांतली रेषा तिथेही वादाची आहे, आणि ती ओलांडली गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु चांगल्या विद्यार्थी-गर्दीचा दर्जा विनोदावर ठरतो, असे तिथले जाणकार मानतात, आणि ते मत मला योग्य वाटते.

‘एअर बॉल’ ही आरोळी घ्या. खेळाडूचा फेकलेला चेंडू बास्केटच्या कडीला किंवा फळीलाही न लागता खाली पडला, की संपूर्ण क्रीडागृह दोन सुरांत हे शब्द गाते आणि पुढे तो खेळाडू चेंडू हातात घेईल तेव्हा तेव्हा गात राहते. तिचा उगम सहसा २४ फेब्रुवारी १९७९ रोजी कॅमेरॉनमध्ये झालेल्या ड्यूक आणि शेजारचे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्या सामन्याशी जोडला जातो. त्या काळी ठरावीक सेकंदांत चेंडू फेकण्याचे बंधन नव्हते. नॉर्थ कॅरोलायनाने पहिल्या भागात चेंडू जवळजवळ नुसता आपसांत फिरवत ठेवला आणि मध्यंतराला गुणफलक ७-० असा ड्यूकच्या बाजूने होता. जे काही थोडे नेम या पाहुण्यांनी धरले, ते हवेतूनच खाली आले. हा जयघोष देशभर पसरल्यानंतर एका अभ्यासकाने निरनिराळ्या ठिकाणची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा हजारो अनोळखी माणसे कोणत्याही इशाऱ्याविना ते दोन शब्द पाश्चात्त्य स्वरलिपीतील एफ आणि डी या स्वरांवरच गातात, असे त्याच्या लक्षात आले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी १९८४ मध्ये ड्यूकच्या विद्यार्थ्यांनी मेरिलँडच्या एका खेळाडूला त्याच्यावरील गंभीर आरोपावरून अत्यंत असभ्य प्रकारे लक्ष्य केले आणि देशभर टीका झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड हे एके काळी उत्तर कॅरोलायनाचे राज्यपाल होते, त्यामुळे जमावाशी कसे बोलावे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी शिक्षा जाहीर केली नाही. विद्यार्थ्यांना एक काकांनी लिहावे तसे पत्र लिहिले, ‘तुमचा विनोद कुठे गेला’ अशा आशयाची कानउघाडणी केली आणि खाली ‘अंकल टेरी’ अशी सही केली. पुढच्या सामन्याला नॉर्थ कॅरोलायनाचा संघ आला, तेव्हा विद्यार्थी डोक्यावर तार आणि चांदीच्या कागदाची देवदूतांची वलये लावून हजर होते. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक डीन स्मिथ यांचे मनःपूर्वक स्वागत करणारे फलक लागले होते, आणि पंचांचा निर्णय न आवडल्यास नेहमीच्या शिवीऐवजी ‘आमचे नम्रपणे मतभेद आहेत’ अशा अर्थाचा घोष होत होता. पाहुण्यांना त्यानेही मनस्ताप झाला असणारच. मात्र तो मनस्ताप कोणाच्या चारित्र्यावर चिखल न उडवता झाला.

सर्व विद्यापीठांना असे अध्यक्ष लाभत नाहीत. खेळाडूंच्या कुटुंबीयांची समाजमाध्यमांवरची माहिती खोदून काढून ती फलकांवर लिहिण्याची प्रथा गेल्या काही वर्षांत वाढली आहे, आणि त्यात विनोदाचा भाग मला तरी सापडत नाही.

प्रश्न : विजयानंतर विद्यार्थी कोर्टवर धावून जातात, ते धोकादायक वाटते. त्यावर बंदी का घालत नाहीत?

धोकादायक आहेच. २१ जानेवारी २०२४ रोजी ओहायो स्टेटने जादा वेळेत आयोवावर १००-९२ असा विजय मिळवल्यावर प्रेक्षक कोर्टवर उतरले आणि आयोवाची केटलिन क्लार्क बाहेर पडत असताना एका प्रेक्षकाशी तिची जोरदार टक्कर झाली. साधारण महिन्याभराने वेक फॉरेस्टने ड्यूकला हरवल्यावर ड्यूकचा काइल फिलिपॉव्स्की अशाच लोंढ्यात जखमी झाला.

नियम प्रत्येक लीगचे वेगळे आहेत. दक्षिणेकडील विद्यापीठांच्या एसईसी या लीगने २०२३ मध्ये दंड वाढवून पहिल्या वेळी एक लाख, दुसऱ्या वेळी अडीच लाख आणि त्यानंतर पाच लाख डॉलर असा केला, आणि लीगमधील सामना असल्यास तो पैसा पाहुण्या विद्यापीठाला मिळावा असे ठरवले. २०२५ मध्ये तर थेट पाच लाखांचाच दंड ठेवला. अडचण अशी, की दंड विद्यापीठ भरते आणि धावतो विद्यार्थी. शिवाय या दृश्यांची चित्रफीत विद्यापीठे स्वतःच्या प्रचारासाठी आनंदाने वापरतात. पाहुणा संघ सुखरूप आत जाईपर्यंत दोरखंड धरून गर्दी थोपवणे आणि मग विद्यार्थ्यांना उतरू देणे, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो. एकोणीस वर्षांच्या मुलांना आयुष्यभराच्या आठवणीपासून परावृत्त करण्यापेक्षा त्यांना दोन मिनिटे थांबवणे सोपे आहे.

प्रश्न : आमची मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाते आहे. तिला अशा सामन्याचे तिकीट सहज मिळेल का?

आपल्या कन्येचे विद्यापीठ कोणते, यावर ते अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी राखीव विभाग असतो आणि तिकीट मोफत किंवा स्वस्त असते; काही विद्यापीठे कमी महत्त्वाच्या सामन्यांना हजेरी लावणाऱ्यांना गुण देतात आणि मोठ्या सामन्याच्या वेळी त्या गुणांनुसार प्रवेश देतात. पहिल्या सत्रात रिकाम्या बाकांवर बसून पाहिलेले सामने फेब्रुवारीत कामी येतात, एवढे तिला अवश्य सांगावे.

ड्यूकमध्ये असेल, तर तंबूची तयारी ठेवावी. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यासाठी स्टेडियमबाहेरच्या हिरवळीवर विद्यार्थी कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या वस्तीला तत्कालीन प्रशिक्षक माइक शेशेव्स्की यांच्यावरून ‘शेशेव्स्कीव्हिल’ असे नाव पडले. एका तंबूत बारा जणांची नोंद असते. सर्वांत आधी तंबू ठोकणाऱ्यांवर रात्री मुक्कामाचे कडक बंधन असते, उशिरा येणाऱ्यांवर ते सैल असते. विद्यार्थ्यांनीच निवडलेले निरीक्षक रात्री-अपरात्री भोंगा वाजवून हजेरी घेतात, आणि पुरेसे सभासद हजर नसल्यास तंबूचा क्रमांक जातो. थंडी फारच वाढली तर सवलत मिळते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी निराळी व्यवस्था आहे, हेही लक्षात ठेवावे.

बाहेरून हा वेडेपणा वाटतो. पण ज्याने पुढची जागा अशा कष्टाने मिळवली आहे तो सामन्याच्या दहाव्या मिनिटाला मोबाइल पाहत बसत नाही, आणि बारा जणांनी सहा आठवडे एकत्र काढले की घोषणांची तालीम वेगळी करावी लागत नाही.

प्रश्न : महिलांच्या सामन्यांना असा प्रतिसाद मिळतो का?

आता निश्चित मिळतो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवाने डीपॉल विद्यापीठाविरुद्धचा सराव सामना आपल्या फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्यावर खेळवला आणि ५५,६४६ प्रेक्षक आले. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातील महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी पाहिला, तर पुरुषांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. मात्र ही लोकप्रियता केटलिन क्लार्क या एका खेळाडूमुळे एका वर्षात आली, असे समजणे चुकीचे ठरेल. प्रशिक्षक डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलायना संघाचे घरचे सामने त्याआधीच अनेक वर्षे प्रचंड गर्दीत होत होते.

तिथल्या गर्दीचे स्वरूप निराळे आहे. विद्यार्थ्यांपेक्षा गावातील कुटुंबे, निवृत्त मंडळी आणि शाळकरी मुली अधिक असतात. प्रतिस्पर्ध्याला छळण्यापेक्षा आपल्या संघाला उचलून धरण्याकडे कल असतो. आवाज मात्र कमी नसतो.

प्रश्न : या सामन्यांतील सर्वांत विचित्र प्रथा कोणती?

इंडियाना राज्यातील टेलर विद्यापीठाची ‘सायलेंट नाइट’. डिसेंबरमध्ये परीक्षांच्या तोंडावर होणाऱ्या या सामन्यात नाना सोंगे घेतलेले विद्यार्थी यजमान संघाचा दहावा गुण होईपर्यंत चकार शब्द काढत नाहीत. बुटांची किरकिर आणि चेंडूचे टप्पे स्पष्ट ऐकू येतात. दहावा गुण झाला की छत कोसळावे असा कल्लोळ उठतो. आर्कान्सातील जॉन ब्राउन विद्यापीठात हंगामाच्या पहिल्या घरच्या सामन्यात पहिली बास्केट होताच प्रेक्षक स्वच्छतागृहातल्या कागदाच्या शेकडो गुंडाळ्या कोर्टवर भिरकावतात. त्याबद्दल यजमान संघाला तांत्रिक फाउल बसतो, आणि तो दरवर्षी सर्वजण आनंदाने पत्करतात.

प्रश्न : खेळाडूंना आता पैसे मिळू लागले आहेत. त्यामुळे हे वातावरण टिकेल का?

चिंता खेळाडूंच्या मोबदल्याची नाही. तो त्यांना फार उशिरा मिळाला. चिंता आसनांची आहे. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट देता येते, आणि ही रक्कम कुठून तरी उभी करावी लागणार. कोर्टजवळची जागा विकणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

याचे परिणाम काय होतात, ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने पूर्वीच अनुभवले आहे. १९८६ मध्ये खुले झालेले त्यांचे डीन स्मिथ सेंटर खासगी देणग्यांतून उभे राहिले आणि कोर्टजवळच्या आसनांवर स्वाभाविकपणे देणगीदारांचा हक्क आला. एकवीस हजारांहून अधिक क्षमता, उत्कृष्ट संघ, आणि तरीही १९९१ मध्ये तिथे जिंकून गेलेल्या फ्लोरिडा स्टेटच्या सॅम कॅसेलने या प्रेक्षकांना ‘चीज आणि वाइनवाले’ म्हणून जे हिणवले, ते विशेषण आजतागायत त्यांना चिकटून आहे. कालांतराने विद्यापीठाने विद्यार्थ्यांना पुन्हा खाली, कोर्टलगत जागा करून दिली. तिथून अवघ्या दहा मैलांवर ड्यूकचा वरचा मजला देणगीदारांचा आणि खालचा विद्यार्थ्यांचा, ही विभागणी कायम असताना त्यांना ही तुलना टाळता येण्यासारखी नव्हती.

नव्या क्रीडागृहांत खालच्या रांगा कोणाला जातात याकडे लक्ष ठेवावे. त्यावरून त्या विद्यापीठाने काय ठरवले आहे ते समजते. मला फार निराश व्हावेसे वाटत नाही, आणि त्याचे कारण काही उदात्त नाही. टीव्हीचा मुख्य कॅमेरा ज्या बाजूला रोखलेला असतो तिथल्या महागड्या खुर्च्यांचे मालक मध्यंतरानंतर खाद्यपदार्थांच्या दालनातून उशिरा परततात, आणि पडद्यावर रिकामी आसने दिसतात. प्रक्षेपणाचे हक्क कोट्यवधींना विकणाऱ्या विद्यापीठांना ते परवडत नाही. म्हणून कॅमेऱ्यासमोरची बाजू विद्यार्थ्यांना द्यायची आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागची, न दिसणारी बाजू देणगीदारांना विकायची, ही तडजोड हिशेबनिसांनाही मान्य होण्याजोगी आहे.